पळता दोर धरायचा नाही

गेल्या गणपतीत माझी नात ईरा मेलबर्नहून फोनवर म्हणाली, "आजी, मी हल्ली रोज सकाळी बसते."

"कुठे बसतेस?" मी विचारलं.

"तसं नाही गं. झेन पद्धतीने बसते. राग आला, भीती वाटली, तर ती घालवायला जायचं नाही. नुसतं तिच्याकडे बघायचं. तुला कसं सांगू, फार वेगळं असतं ते."

मग तिने मला ते सावकाश, सोप्या मराठीत समजावून सांगितलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं हे एके काळी माझं पोटापाण्याचं काम होतं आणि ती सवय अजून गेलेली नाही. पण फोन ठेवल्यावर मला एकटीलाच हसू आलं. ईराने जे सांगितलं, ते मी तिच्या वयाची असताना तारापूरजवळच्या एका कोळीवाड्यात, एका जपानी माणसाच्या मोडक्या इंग्रजीतून ऐकलं होतं आणि तिथल्या बोलीत लोकांना सांगितलंही होतं. या अंकाच्या संपादकांनी नोकरीबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा दुसरा विषय शोधावा लागला नाही. ईरा हे वाचेल. तिच्या भावाला, नीलला, मराठी अक्षरं लागत नाहीत, त्याला तिने वाचून दाखवावं.

माझं माहेर पालघरचं. मूळ घर केळव्याला, पानवेलींच्या वाडीतलं, पण वडील पालघरच्या शाळेत शिक्षक होते म्हणून आम्ही तिथे. सगळे त्यांना चुरीगुरुजी म्हणत. त्यांनी मला मुंबईला नातेवाइकांकडे ठेवून इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. परत आले, तेव्हा या इंग्रजीचं पालघरात करायचं काय, असा प्रश्न होता. तेवढ्यात तारापूरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी, मच्छीमारांना इंजिनाच्या बोटी आणि नायलॉनची जाळी वापरायला शिकवणारं एक केंद्र निघालं. आता ते केंद्र नाही, त्याची इमारतही नाही. तिथे शिकवायला जपानहून मोरिता नावाचे तज्ज्ञ आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, कोळ्यांना इंग्रजी येत नव्हतं. मध्ये माणूस हवा होता. तो पुरुषच हवा असं जाहिरातीत म्हटलेलं नव्हतं, एवढ्या आधारावर वडिलांनी मला अर्ज करायला लावला.

अशी मी दुभाषी झाले. रोज गाडीने पालघरहून बोईसर, तिथून एस.टी., आणि शेवटचा रस्ता पायी. टायपिंगही करत असे, पण ते कोणीही करतं. दुभाष्याचं काम कोणी करत नव्हतं.

लोकांना वाटतं, हे काम शब्दांचं आहे. शब्द शब्दकोशात मिळतात. अवघड असतं ते निराळंच. समोरचा माणूस चिडलेला असतो, त्याची चीड तुमच्या तोंडून पलीकडे जायची असते, आणि ती तुमची नसते. तुम्ही ती सौम्य केलीत तर त्याच्यावर अन्याय. तुम्ही स्वतः चिडलात तर पलीकडच्यावर अन्याय.

मोरितासाहेबांनी पहिल्याच दिवशी दोन नियम घालून दिले. पहिला, 'साहेब असं म्हणतात' असं म्हणायचं नाही. ते 'मी' म्हणाले तर मीही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे मिशाळ तांडेलांसमोर, म्हणजे होडीच्या कप्तानांसमोर, पातळ नेसलेली मी उभी राहून म्हणाले, "मी तरुणपणी लढाईच्या जहाजावर होतो." सगळे खो खो हसले. एक म्हातारा म्हणाला, "बाय, तवा तुजं दुधाचं दात तरी आलं व्हतं का?" मी तेही इंग्रजीत सांगितलं. मोरितासाहेब हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. त्या क्षणी मला कळलं, की हे काम मला येणार आहे.

दुसरा नियम थांबण्याचा. दोन वाक्यं झाली की बोलणाऱ्याने थांबायचं. मी ती पलीकडे पोचवीन, मगच पुढची. कोळ्यांना हे फार जड गेलं. वाऱ्यावर एका होडीतून दुसऱ्या होडीत बोलायची सवय असलेली माणसं ती. मी हात वर केला की ती तोंड उघडं ठेवून थांबायची.

मोरितासाहेब केंद्राच्याच एका खोलीत राहत. रोज सकाळी कामाआधी मागच्या पडवीत, शिडाच्या कापडाची घडी खाली घेऊन, मांडी घालून, चुना लावलेल्या भिंतीकडे तोंड करून बसत. डोळे अर्धे उघडे. हलत नसत. बोईसरच्या बाजाराला निघालेल्या बायका हे कुंपणाबाहेरून बघत असत. एके दिवशी त्यांच्यातल्या चांगुणाबाईंनी मला वाटेत गाठलं. अंगाने उंच, आवाज त्याहून उंच. नवरा दर्यात बुडून गेलेला, एक मुलगा हरी, तो आमच्याच केंद्रात शिकत होता.

"बाय, तुज्या सायबाच्या घरचं कोन गेलं?"

"कोणी नाही. का हो?"

"मंग रोज भिताडाकडं तोंड करून काय बसतंय? बोलत नाय, चालत नाय, चूल पेटलेली दिसत नाय. आमाला काय डोळे नाय?"

दुसऱ्या दिवशी त्या भात आणि वरण घेऊन आल्या. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, शेजारणी जेवण पोचवतात, ही आपल्याकडची रीत. "मासळी नाय आनली," त्यांनी बजावलं. "सुतकात चालत नाय. त्याला सांग."

मी मोरितासाहेबांना रीत समजावून सांगितली. मला वाटलं ते हसतील. ते त्या भांड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यांना सांगा, बरोबर ओळखलंत. माझी माणसं गेली आहेत. जहाजावरची. पण त्याला वीस वर्षं झाली."

मी सांगितलं. चांगुणाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "ईस वरसं? मंग येवढी वरसं याला कोनी जेवाया घातलं नाय?"

याचं इंग्रजी करताना माझा आवाज थोडा हलला, हे मी मान्य करते. मोरितासाहेबांनी दोन्ही हातांनी भांडं घेतलं. बायकांनी दहा दिवस रीतसर जेवण आणलं आणि त्यानंतर चांगुणाबाई पापलेटाचं कालवण घेऊन आल्या. "आता खा. फिटलं." दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पुन्हा भिंतीसमोर. चांगुणाबाई कुंपणाबाहेरून मला म्हणाल्या, "ह्याचं काय फिटत नाय गो."

आता माझ्या बसण्याविषयी. केंद्राचे अधिकारी दिघेसाहेब हे वाईट गृहस्थ नव्हते, पण चारचौघांत माझं इंग्रजी सुधारण्याची त्यांना हौस होती आणि ते चुकीचं सुधारत. तो राग मी रोज बोईसरहून पालघरला घेऊन जायची. आई म्हणायची, "ऑफिसातलं ऑफिसात ठेव, भांडी आपटू नको." एकदा मी मोरितासाहेबांना विचारलं, की असं बसल्याने राग जातो का. ते म्हणाले, "नाही."

"मग उपयोग काय?"

"काहीच नाही," ते म्हणाले आणि शिडाच्या कापडाची दुसरी घडी माझ्यासाठी टाकली.

पद्धत अगदी साधी. पाठ ताठ. श्वास मोजायचा, एक ते दहा. मोजणी चुकली की रागावायचं नाही, पुन्हा एकपासून. मनात काही आलं तर आलं. त्याला हाकलायचं नाही आणि त्याच्याशी गप्पाही मारायच्या नाहीत. ते काय आहे, अंगात कुठे आहे, एवढं बघायचं. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी पायाला मुंग्या आल्या, खऱ्या मुंग्याही आल्या, आणि त्या चुन्याच्या भिंतीसमोर मी दिघेसाहेबांना इतकी अस्खलित इंग्रजी उत्तरं दिली, की ती छापली असती तर पुस्तक झालं असतं. तीनच्या पुढे मोजणी गेली नाही.

पण काही महिन्यांनी एक गोष्ट लक्षात आली. दिघेसाहेबांनी माझं बरोबर वाक्य चुकीचं केलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या, हे मला कळलं. आधी राग यायचा आणि मीच राग होऊन जायची. आता राग आला, हे कोणीतरी बघत होतं. तेवढीच फट पडली होती. त्या फटीत मी गप्प बसू शकत होते, किंवा बोलू शकत होते. दोन्हीतलं काय करायचं ते मी ठरवत होते.

हे पुढे कामाला आलं.

नारळी पौर्णिमा होऊन हंगाम सुरू झाला होता. केंद्राची इंजिनाची बोट शिकाऊ माणसांना घेऊन बाहेर जायची. बोटीवर दोर ओढायचं चाक होतं, त्याला विंच म्हणत. तोपर्यंत कोळ्यांचे दोर काथ्याचे. काथ्या खरखरीत, हाताला धरून राहतो. ओढ वाढली की माणूस त्याचा एक वेढा पंज्याभोवती घेतो. तिथल्या प्रत्येक माणसाचा हात लहानपणापासून हेच करत आलेला. नायलॉनचा दोर गुळगुळीत. ताणला की लांबतो आणि सुटला की एकदम सुटतो. त्याला हाताभोवती वेढा द्यायचा नाही, हे मोरितासाहेबांनी पहिल्या पाठात सांगितलं होतं, मी ते मराठीत सांगितलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण त्या दिवशी भर समुद्रात दोर विंचवरून निसटू लागला. साहेब ओरडले, "होल्ड." तेवढं इंग्रजी एव्हाना सगळ्यांना येत होतं. हरीने धरला. त्याच्या हाताला जसा धरता येत होता तसा धरला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली.

पालघरच्या डॉक्टरांनी जखम बरी केली. हरी घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला. बावीस-तेवीस वर्षांचा धडधाकट माणूस. कोणी दोराची गुंडाळी घेऊन समोरून गेलं तरी त्याचा हात थरथरायचा, तो ते लपवायला हात मांडीखाली घ्यायचा. हे सगळ्या कोळीवाड्याला दिसत होतं. तिथे दर्याला घाबरणं चालतं, सगळेच घाबरतात. पण दोराला घाबरलेल्या माणसाला कोणी होडीवर घेत नाही. कारण त्याचा हात ऐन वेळी थांबला तर दुसऱ्याचा जीव जातो. हरी पुन्हा दर्यावर जाणार की जन्मभर ओसरीवर बसणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो चांगुणाबाईंच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता.

पंचांनी केंद्राच्या अंगणात बैठक बोलावली. सगळी वस्ती आली. चांगुणाबाई पुढे उभ्या. दिघेसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"चुरीबाई, ती बाई काय वाटेल ते बोलणार. सगळं सांगत बसू नका. पाहुणे आहेत ते. गोळाबेरीज सांगा."

"साहेब, त्या समोर उभ्या आहेत. त्यांना कळेल."

"तिला इंग्रजी कुठे येतं?"

"किती बोललं आणि किती सांगितलं, हे कळायला इंग्रजी लागत नाही."

"नोकरी करायची आहे ना?"

पोटात एकदम थंड झालं. मी बघितलं. भीती आहे. पोटात आहे. बेंबीच्या जरा वर. बरं, असू दे. ती तिथेच राहिली आणि मी चालत जाऊन दोघांच्या मध्ये उभी राहिले.

"सांग त्याला," चांगुणाबाई म्हणाल्या. "तू माज्या पोराचा हात खाल्लास. आमच्या सात पिढ्या दर्यावर गेल्या, असा हात कोनाचा गेला नाय."

मी हात वर केला. त्या थांबल्या. मी मोरितासाहेबांकडे वळून, त्यांच्या डोळ्यांत बघून, इंग्रजीत म्हणाले, की तुम्ही माझ्या मुलाचा हात खाल्लात. नियमाप्रमाणे 'माझ्या'. दिघेसाहेबांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

"तुजी बोट जाळीन मी. तुला तिच्यात घालून जाळीन, मेल्या. तुज्या आईला कळू दे, पोर जाळला का कसं वाटतं ते."

पुन्हा हात. पुन्हा मी. मला रागही येत होता आणि रडूही, छातीत दोन्ही एकमेकांना ढकलत होती. ती माझी होती, शब्द चांगुणाबाईंचे होते. मी ती छातीत राहू दिली आणि शब्द तेवढे पलीकडे दिले. आवाज चढवला नाही, उतरवला नाही.

आणि मग मी जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. चांगुणाबाई थांबल्या होत्या त्या वेळात माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग मोरितासाहेबांच्या तोंडाकडे. आपलं बोलणं आपल्यापासून निघून, एका परक्या भाषेत, हळू आवाजात, पलीकडे जाऊन पोचतंय, तिथे एका माणसाचा चेहरा बदलतोय, हे त्या बघत होत्या. पुढचं वाक्य आलं ते कमी आवाजात आलं. त्यात शिवी नव्हती. त्यापुढच्या वेळी त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मी हात वर केलेला नव्हता.

"ह्याचा बा गेला तवा ह्यो पाळन्यात व्हता," त्या म्हणाल्या. "आता ह्यो दिसभर हात बघत बसतो. माज्याशी बोलत नाय. मला त्याची भीती वाटते. येवढंच सांग."

मी एवढंच सांगितलं.

मोरितासाहेब उठले. कमरेत वाकले, पुष्कळ वेळ वाकलेले राहिले. मग म्हणाले, "दोर हाताला गुंडाळू नका असं मी आधी सांगितलं होतं. पण त्या वेळी मी फक्त 'धरा' म्हणालो. धरा म्हटल्यावर माणूस त्याच्या हाताला येतं तसंच धरतो. हे मला माहीत असायला हवं होतं. चूक माझी आहे."

"हे सांगू नका," दिघेसाहेब इंग्रजीत, दातांतल्या दातांत म्हणाले.

मी सांगितलं. पोटातली थंडी अजून तिथेच होती. तिला सोबत घेऊनच सांगितलं.

अंगणातला एक म्हातारा तांडेल शेजाऱ्याला म्हणाला, "चुकलं म्हंतो. सायब असून चुकलं म्हंतो."

"मंग आता काय करशील?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"बोटं परत देता येणार नाहीत. हात थरथरतो, त्यासाठी मी त्याच्याबरोबर बसू शकतो."

"बसशील? भिताडाकडं?" लोक हसले. चांगुणाबाई हसल्या नाहीत. "दहा दिस घातलं तुला, तुजं अजून फिटलं नाय. ह्याचं काय फिटंल?"

मोरितासाहेब म्हणाले, "माझं फिटलं नाही, खरं आहे. पण मी दर्यावर जातो."

चांगुणाबाईंनी मागे वळून हरीकडे पाहिलं. "उद्या जा," त्या म्हणाल्या. "नाय जमलं तर घरीच हायस."

माझी नोकरी गेली नाही. दिघेसाहेब काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझं इंग्रजी सुधारायचंही त्यांनी त्यानंतर सोडून दिलं.

हरीला बसायला शिकवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड भाषांतर. 'ध्यान' म्हटलं तर तो विचारी, "कुठल्या देवाचं?" कुठल्याच नाही म्हटलं तर, "मंग कशाला?" शेवटी मी 'नुसतं बसणं' एवढाच शब्द ठेवला. तिघेही भिंतीसमोर बसायचो. मोरितासाहेब थोड्या थोड्या वेळाने हळू आवाजात विचारत, मी तसंच विचारत असे.

"आली का?"

"आली," हरी म्हणे.

"कुठे आहे?"

"मनगटात. गार. आता खांद्यात गेली."

"काय म्हणते?"

"पळ म्हंते." मग थोड्या वेळाने, "घालवू का तिला?"

"नको. बघ."

"बघून काय व्हनार? उगाच बसवून ठेवलंय." आणि मग मला, बाजूला, "बाय, हे त्याला नको सांगू."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "खरं आहे, उगाचच." हरी मनापासून हसला. त्या अपघातानंतर तो पहिल्यांदाच हसला.

काही आठवड्यांनी साहेबांनी पडवीत नायलॉनचा दोर आणला. एक टोक एका शिकाऊ माणसाच्या हातात दिलं आणि त्याला अंगणातून धावायला सांगितलं. गुंडाळी भराभर उलगडत हरीच्या पायाजवळून सळसळत गेली. हरीचा हात थरथरला, कपाळावर घाम आला. उठला नाही. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. मग एका सकाळी, गुंडाळी पूर्ण संपून दोर थांबल्यावर, तो दोराकडे बघत म्हणाला,

"हे तर आमाला म्हाईत हाय."

"काय?"

"पळता दोर धरायचा नाय. धरला का हात गेला. पाय बाजूला ठेवायचा आनि बघत रहायचं. संपला का थांबतो. ही भीती बी तशीच. मी रोज तिला धरत व्हतो."

मी इतके दिवस ज्या शब्दांच्या शोधात होते ते त्याने मला दिले. त्या वाक्यांचं इंग्रजी करताना मला काहीही जोडावं किंवा वगळावं लागलं नाही. मोरितासाहेबांनी ऐकलं, "हो, तसंच," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

ईरा, भीती गेली नाही, हे मुद्दाम सांगते. तू फोनवर म्हणालीस, मन शांत होतं. होत असेल. हरीचा हात पुढेही थरथरायचा, त्यानेच मला सांगितलं. पण थरथरत्या हाताने दोर सोडायचा कधी आणि धरायचा कधी, हे त्याला पुन्हा कळू लागलं, आणि तीन बोटांना नवीन पकड त्याने स्वतः शिकवली.

पुढचं थोडक्यात. मोरितासाहेब त्यांची मुदत संपल्यावर परत गेले. माझं लग्न झालं, आम्ही बाहेरगावी गेलो, आणि दुभाषी म्हणून मी पुन्हा कधी काम केलं नाही. मी टायपिस्ट होते असं लोक समजतात, मी दुरुस्त करते. एक हळहळ आहे. जहाजावरच्या त्या माणसांची नावं मी साहेबांना कधी विचारली नाहीत. विचारली असती तर त्यांनी सांगितली असती, असं आता वाटतं. बसायचं मात्र सोडलं नाही. तुमच्या आजोबांना वाटायचं मी सकाळी जप करते.

आता ज्या सकाळसाठी हे सगळं लिहिलं ती सांगते. हरी पुन्हा बोटीवर गेला ती सकाळ. तो संध्याकाळी सुखरूप परत आला आणि पुढे स्वतः तांडेल झाला, हे आधीच सांगून टाकते. उगाच जीव टांगणीला नको.

बायका होडीवर चढत नसत, त्यामुळे मी किनाऱ्यावरच होते. बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली. हरी विंचजवळ उभा होता, ती जागा बाकीच्यांनी त्याच्यासाठी मोकळी सोडली होती. माझ्या शेजारी चांगुणाबाई. त्यांची पाटी मांदेलींनी भरलेली, वाळूवर ठेवलेली. बोईसरला तेव्हा बांधकामावरचे परप्रांतीय मजूर सकाळी मासळीला यायचे, उशीर झाला की दुसऱ्या बायका गिऱ्हाइकं पळवायच्या. तरी त्या पाटी उचलेनात.

"बाय," त्या म्हणाल्या, "इंग्रजीत सांग ना."

"काय सांगू?"

"माज्या पोटात काय चाललंय ते. मी बोलते, तू सांग."

"कोणाला सांगू? साहेब तर बोटीवर गेले."

"कोनाला नको. अशीच सांग. त्या दिसाला तू सांगत व्हतीस ना, तवा माजंच बोलनं मला लांबून दिसत व्हतं. जशी का दुसरीच कोन बाई बोलतेय. तसं बघायचंय मला."

मी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. त्या बोलल्या, "ह्याचा बा असाच सकाळचा गेला. ह्यो बी गेला तर मी कोनासाठी पाटी उचलू?" आणि थांबल्या. मी हात वर करायच्या आधी थांबल्या.

मी इंग्रजीत सांगितलं. नियमाप्रमाणे 'मी' म्हणून, आवाज न चढवता, न उतरवता, जसं अंगणात सांगितलं होतं तसं. ऐकायला कोणी नव्हतं.

"मीच त्याला जा म्हनाले. काय झालं तर ते माज्यावर."

तेही सांगितलं. चांगुणाबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या. एक शब्द कळत नव्हता, पण एकही निसटू देत नव्हत्या. बोट आता लहान दिसत होती. मी बोलून थांबले. त्या वाट बघत राहिल्या.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही बोललात ते सगळं सांगून झालं."

"येवढंच व्हतं?"

"एवढंच होतं."

त्यांनी पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. "मंग हात दे गो," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून पाटी चढवली.